पानं धुण्याचा दिवस

नाव लिहू नका, म्हणाले, मत गुप्त राहील.
खाली चौकोन होता : टोकन नंबर.
कंपनीच्या सामाजिक कार्याबद्दल आपणास काय वाटते?
एक म्हणजे काहीच नाही, पाच म्हणजे अभिमान.
काट्यावर क्लिंकर भरलेला ट्रक,
ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून,
आणि मी पेनाचं टोपण चावत बसलेला.

माझं काम वजनाचं.
भरलेलं येतं, रिकामं जातं, मधला फरक मी लिहितो.
पाण्याचा टँकरही माझ्याच काट्यावरून जातो,
हिरवं पान रंगवलेला, 'आपला गाव, आपली जबाबदारी'.
रजिस्टरात : येरमगुडा, फेरी तिसरी.
येरमगुडा अकरा किलोमीटर. त्यात घाट.
टँकर नऊ मिनिटांत रिकामा होऊन परत.

कुठे रिकामा होतो ते खिडकीतून दिसतं.
सोमवारी हेड ऑफिसचे पाहुणे आहेत,
म्हणून मेन गेटच्या करंजांची पानं धुणं चालू आहे.
ठेक्यावरच्या सहा बाया, दोन शिड्या, नारळाचा काथ्या.
दवात सिमेंट पानावर बसतं, मग नुसत्या पाण्यानं जात नाही,
घासावं लागतं, जास्त घासलं की पान फाटतं,
फाटलं की सुपरवायझर ओरडतो,
जणू पगारातून पान कापणार.
सोनाबाई कोडापे येरमगुड्याचीच.
शिडीवरून म्हणाली,
"झाडाले आंगोय, अन् घरी पोट्टे पारोसे."
बाकीच्या हसल्या. सुपरवायझरही हसला.
मग पुन्हा काथ्या.

रात्री दीडनंतर धुराड्याचा रंग बदलतो.
कंट्रोल रूमचा डंभारे चहा घ्यायला येतो, सांगतो,
"फिल्टर झोपला. तुमी बी झोपा."
सकाळी तोच डंभारे हिरवा टी-शर्ट घालून
वृक्षदिंडीत पुढे.
मीही असतो मागे. टी-शर्ट चांगल्या कापडाचा आहे,
धुतला तरी रंग जात नाही.

पण एक लिहायचं तर दुसरंही लिहिलं पाहिजे.
मागच्या पौषात डोळ्यांचा कॅम्प झाला.
कंपनीची गाडी दारात आली, आईला हाताला धरून नेलं,
फुकट ऑपरेशन, काळा चष्मा, ब्लँकेट, दोन केळी.
डॉक्टरीणबाई खरंच चांगली होती,
आईशी तिच्याच बोलीत बोलली.
वार्षिक अहवालात चौदाव्या पानावर आईचा फोटो आहे :
लाभार्थी, वय सदुसष्ट.
पार्बताबाई असं नाही.

पट्टी काढली, त्या दिवशी आई अंगणात उभी राहिली.
कवेलू पाहिले. वाळत घातलेली तूर पाहिली.
गाईच्या पाठीवरून हात फिरवला, हात पाहिला.
"काऊन रे बापू, हे सारं असं राखडी काऊन?"
मी काय सांगणार.
"दोन वर्सं मले वाटे,
हे माह्या डोयातच हाये."

तेव्हापासून ती रोज दोनदा अंगण झाडते.
कंपनीला शिव्या देत नाही.
गाडी दिसली की हात जोडते,
आणि जोडण्याआधी पदरानं पुसते.

ट्रकचा हॉर्न पुन्हा.
गंमत म्हणून फॉर्म काट्यावर ठेवून पाहिला :
शून्य.
वीस किलोच्या खालचं आमच्या काट्याला कळत नाही.

पाचावर खूण केली तर डंभारे हसेल.
तिनावर केली तर एचआरवाले टोकन नंबरवरून शोधत येतील,
'काही अडचण आहे का?' असं प्रेमानं विचारतील.
मी चारावर केली.
पेटीत टाकली. पेटीला कुलूप होतं,
कुलपाला नवी हिरवी फीत.

टँकर आला. भरलेला.
येरमगुडा, फेरी चौथी, लिहिलं माझ्याच अक्षरात.
वेळेचे रकाने मात्र मी खरे भरतो :
जाणे दहा चाळीस, येणे दहा एकोणपन्नास.
सात वर्षांची रजिस्टरं कपाटात आहेत.
कुणी मागितली नाहीत अजून.