सीन सव्वीस

सत्तेचाळीस सेकंद.
खवल्या मांजराचं पिल्लू
आईच्या शेपटीवरून निसटतं
आणि आईला कळत नाही.

रंग अजून भरलेले नाहीत.
करड्या पडद्यावर करडी आई,
झाडांच्या जागी ठोकळे,
खाली कोपऱ्यात फ्रेमचे आकडे पळताहेत.
सहकारनगरात, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकीला गादी लावून
मी तिची पावलं मोजतो.
पंजे आत मुडपून चालते ती,
म्हणून ठेका सातात पडतो.

यामिनी आगाशे, दिग्दर्शक, फोनवर:
"फार रडकं नको हं,
पोरं पॉपकॉर्न खात असतात."
मी चेलो काढले. परत घातले.
एक ठेवला.

परवा रात्री साडेअकराला
बुडापेस्टहून हेडफोनमध्ये व्हायोलिनं आली.
म्हात्रे पुलाच्या सिग्नलला
हेल्मेटच्या आत गुणगुणलेले चार सूर,
त्यांच्यावर चाळीस गज एकदम पडले
आणि मला चक्क लाज वाटली,
घरातलं टोपणनाव
कुणी भर सभेत पुकारावं तशी.

फक्त क्लॅरिनेट बसेना.
तिथल्या बाईंनी एकेक स्वर
धुऊन पुसून मांडला होता.
पिल्लू त्यात पडत नव्हतं,
जिना उतरत होतं.

मग भवानी पेठेतून इलाही शिकलगार आले,
टॉवेलात गुंडाळलेलं वाद्य काखेत,
चाळीस वर्षं वरातींच्या पुढे चाललेले.
नोटेशन लांब धरून म्हणाले,
"या तर मुंग्या. खाऊ द्या त्याला."
मग पडद्याकडे बघत राहिले.
"आई सापडते ना शेवटी?"
सापडते, म्हटलं.
"मग आत्ता तिला कळू देऊ नका."

पंचमावरून घसरत आले ते
आणि षड्जाच्या जरा अलीकडेच
श्वास संपला, की संपवला, कोण जाणे.
गादीतून भंगारवाल्याची हाळी आत शिरली.
"परत घ्यायचं?" मी विचारलं.
ते वाद्य पुसत होते.
"दुसऱ्यांदा पडलं
तर खेळ होतो तो."

आता त्या जागी
चाळीस व्हायोलिनं मी आवर्तनभर गप्प बसवलीत.
भंगारवाला काढून टाकलाय,
जवळजवळ.
आई चालत राहते, पंजे मुडपून, सातात.

यामिनीचा मेसेज आलाय:
इथे आवाज गेलाय का?

मी अजून उत्तर दिलेलं नाही.