सपाट एक चमचा

खाणकामगारांच्या न्हाणीघरात आता जिम आहे.
छताला अजून साखळ्या लोंबतात,
पूर्वी माणसं त्यांना कपडे बांधून वर ओढायची
आणि उघडीच जायची पाण्याखाली.
एका साखळीला द्राहोमीराने घड्याळ टांगलंय.
ते सात मिनिटं पुढे असतं, आणि ती ते दुरुस्त करत नाही.

ओस्ट्रावात पहाटे साडेचारला आम्ही तिघंच:
ती, मी, आणि लुमीर,
ज्याच्या हातातला डबा त्याच्या डोक्याएवढा.
डब्यावर बैल, बैलाच्या नाकातून वीज.
स्वाद टरबुजाचा.
म्हणजे टरबूज कधी न पाहिलेल्याला
कुणी फोनवर समजावून सांगावं, तसा.

"घे, ब्लाझेना. सपाट एक चमचा.
व्यायामाआधी वीस मिनिटं. मग बघ."

मी ट्राम चालवते.
सहाशे व्होल्टची तार डोक्यावर घेऊन दिवसभर फिरते.
मला विजेचं काय कौतुक?
तरी घेतला.

आधी कानांच्या पाळ्यांना मुंग्या,
मग ओठांना, मग तळहातांना,
मुंग्या कसल्या, वारूळच.
"लागू पडतंय," लुमीर खूश.
कोपऱ्यात फरशी पुसणारी द्राहोमीरा मान वर न करता म्हणाली,
"ओठांनी उचलणार आहे का ती?"

पण खोटं कशाला बोलू.
तीन महिने माझ्याकडे ढुंकूनही न पाहणारं पंच्याहत्तर किलो
त्या दिवशी जमिनीवरून उठलं.
दोनदा.
साखळ्या हलल्या,
किंवा मला हलल्यासारख्या वाटल्या.

रात्री झोप दारापर्यंत आली, आत येईना.
ट्रामची घंटा पायाने दाबायची असते,
तशी कुणीतरी छातीत दाबत बसलं होतं.
दीड वाजता फ्रीज पुसला.
अडीचला बहिणीला पत्र लिहिलं,
सात वर्षांपूर्वीच्या भांडणाचं, मुद्देसूद.
तीनला फाडलं.
सकाळी तिसऱ्या थांब्यावर एक म्हातारा
काठी उंचावून धावत आला.
मला दिसला.
दिसला आणि दार मिटलं, या क्रमाने.
आरशात तो लहान लहान होत गेला, काठी अजून वरच.

डब्याच्या पाठीवर बारीक अक्षरं आहेत.
तीन कप कॉफीचं कॅफिन,
पुढे "विशेष मिश्रण", किती कशाचं ते गुपित.
द्राहोमीरा चष्मा लावून वाचते.
तरुणपणी ती कारखान्याच्या संघातून गोळा फेकायची.
"आम्हाला जीवनसत्त्वं म्हणून द्यायचे.
बाटलीवर हे एवढंही लिहिलेलं नसायचं."
तिचा आवाज तेव्हा बसला, तो बसलाच.
डबा ती हळूच खाली ठेवते, आपटत नाही.

मी म्हणणार होते लुमीरला:
उसनं अवसान आहे हे, पोरा,
उद्याच्या पगारातून आज घेतलेली उचल.
पण तो बारा तास गोदामात खोकी भरून
थेट इथे येतो, बूटही तेच.
बावीस वर्षांचा आहे. त्याला या खोलीत
तासभर स्वतःसाठी काहीतरी उचलायचं असतं.
त्याला काय सांगू, आधी झोप?
कुठल्या वेळात?

मी थर्मास उघडते.
यातही तेच आहे, काळं, कडू.
हेही उसनंच.
फक्त सावकार ओळखीचा,
आणि दुपारनंतर मी त्याच्या दारात जात नाही.

आज पंच्याहत्तर हललं नाही.
सत्तर उठलं, कुरकुरत.
द्राहोमीराने विचारलं, "काल किती वाजता झोपलीस?"
"साडेनऊ."
तिने वहीत वजन नाही लिहिलं, ते लिहिलं.

लुमीर चमच्याची कड बोटाने सपाट करतोय.
बोट थरथरतंय जरासं.
गुलाबी भुकटी जुन्या फरशीवर सांडते,
जिथे कोळशाची धूळ धुतली जायची.
घड्याळात पाच वाजले,
म्हणजे अजून वाजायचेत.