मेन बोर्ड

फ्रीज सुरू झाला की ट्यूब डोळा मारायची,
त्याची सवय झाली होती.
फ्यूज उडाला की तार दुहेरी पिळायची.
परवा मी तिहेरी पिळली.

पास्कू वायरमन आला. टेस्टर खिशातच,
आधी नाक लावलं सागवानी फळीला,
मग तळवा.
"हून लागता," म्हणाला,
तापल्या पोराच्या कपाळावरनं हात काढावा तसा.

आत तांबं हिरवं,
वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यानं चाटून चाटून.
कटआउटमागे पालीची दोन अंडी
आणि सुपारीएवढा काळा डाग.

"चतुर्थीपर्यंत चालेल ना?"
"चलतलो.
चलता म्हणानच लोक रवतत."

त्या रात्री मेन बंद.
परसातल्या रातकिड्यांपैकी एक
इतकी वर्षं घरातच होता,
तो गप्प झाल्यावर कळलं.