पान एकसष्ट

बर्डीच्या फुटपाथवर, एप्रिल, संध्याकाळचे साडेसहा,
रस्ता अजून तव्यासारखा.
वालदे काकांनी ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळलेला,
आणि मी दोन पुस्तकं घेऊन उभी.

एक जाड. आत मेंदूच्या रंगीत आकृत्या,
भीती निळी, राग तांबडा,
आनंदाला संत्र्याचा रंग.
हे नागपुरात पटण्यासारखं.
दुसरं बारकं, शिवण उसवलेलं,
कुणा डॉक्टरने सांगितलेल्या पेशंटांच्या गोष्टी,
नावं बदलून.

"कोनासाठी पाह्यजे बाई?"
पुतणीसाठी, परीक्षा आहे, मी म्हणाले.
मला पुतणी नाही.

मेडिकलच्या लॅबमध्ये एकवीस वर्षं
मी दुसऱ्यांचं रक्त मोजते.
साखर, युरिया, क्रिएटिनिन,
प्रत्येकाला आकडा, शेजारी लिहिलेलं
किती असायला हवं होतं.
वेणूताईचा फोन मी फेब्रुवारीत मध्येच कापला,
त्याला आज सदुसष्ट दिवस.
किती असायला हवे होते, कुठे लिहिलेलं नाही.
भांडण नव्हतंच. ती भंडाऱ्याहून विचारत होती,
आईचं शिलाई मशीन कोणाकडे राहू दे.
मी म्हटलं, ने की, सगळंच ने.

जाड पुस्तकाच्या शेवटी सूची.
र वर बोट ठेवलं: रक्तदाब, रडू, राग.
रुखरुख नव्हती.
च मध्ये चिंतेला सात पानं,
चुटपुट कुठेच नाही.
कसंनुसं शोधायची लाज वाटली,
काका बघत होते.

बारक्याला सूचीच नाही.
पण कुणीतरी ते शिसपेन्सिलीने वाचलेलं.
ओळींखाली रेघा, समासात "हो", पुन्हा "हो",
एकदा "साफ खोटं",
एका कोपऱ्यात दुधाचा हिशोब.
पान एकसष्टवर एक बाई
भावाच्या फाटकापर्यंत जाते,
कडीला हात लावते,
तिथे रेघ अर्ध्या ओळीत थांबलेली.
पुढची सगळी पानं कोरी.

पेन्सिल मोडली असेल.
गॅसवर काही उतू गेलं असेल.
किंवा चप्पल घालून निघालं असेल माणूस.

"जाडं घ्या ना, सिलॅबसले थेच लागते," काका म्हणाले.
"थे बारकं दोनदा इकलं, दोनदा वापस आलं."
मी साठ रुपये दिले. त्यांनी न मागता
दहा परत केले,
बारकं पुस्तक पेपरात गुंडाळताना
पुतणीबद्दल काही बोलले नाहीत.

घरी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं.
वाळ्याचा वास आला, जरा उशिराच.
पान बासष्ट उघडायच्या आधी
पेन्सिल हवी म्हणून
मशीनच्या खणात हात घातला.
बॉबिन लागली, निळ्या दोऱ्याची,
ताईच्या शाळेच्या स्कर्टचा निळा,
दोरा टोकाशी अजून ओला करून वळलेला वाटावा असा.

तीच खूण म्हणून घातली एकसष्टमध्ये.
पुस्तक आता नीट मिटत नाही.