तिसरा पर्याय

व्हिडिओ रात्रीच डाउनलोड करून ठेवला होता,
दिवाळे कोळीवाड्याच्या शाळेत नेट दुपारी झोपतं.
भिंतीवर प्रोजेक्टरचा चौकोन, त्यात पोपडे,
आणि पोपड्यांवरून सरपटत
एक मासा, चिखलात.

"निवटी!" अख्खा वर्ग.
आतली बाई म्हणाली, मडस्किपर.
कधीच चिखल न लागलेल्या आवाजात.

मग प्रश्न आला. घड्याळ फिरू लागलं.
हा प्राणी कुठे राहतो?
अ) पाण्यात. ब) जमिनीवर.
निधेश नाखवा उठून माझ्या मोबाइलपाशी आला,
बोट उचललं, कुठेच टेकवेना.
"बाई, भरतीला बिलान, सुकतीला वर."
वेळ संपली. लाल फुली,
आणि तो हरल्याचा भोंगा.
मुलं हसली. तोही हसला, जरा उशिरा.

मी अकरा वर्षं पर्यावरण शिकवते.
खाडी शाळेच्या मागेच आहे, चारशे पावलांवर.
वास आला की
मी खिडकी लावून घेते.

पुढचा व्हिडिओ लावलाच नाही.
निधेशला खडू दिला.
त्यानं आधी तिवरं काढली,
मग भोकं, खूप भोकं,
मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं,
"अरे, चिंबोरीचं मोठं असतं!"
त्यानं पुसून मोठं केलं.
मग माझ्याकडे वळून, "पाणी कुठवर काढू?"

"आत्ता कुठवर आहे?"

त्यानं बोटांवर तिथी मोजली,
एकदा चुकला, पुन्हा मोजली,
आणि सरळ खिडकीकडे गेला.
कडी गंजलेली.
दोघांनी मिळून ओढली.