अनामत

शटर आजही अर्ध्यावर अडलं. तेल घालायचं राहतं रोज.
खांदा लावायला गमरे धावला,
आमचा एकुलता पगारी माणूस;
पगार मागच्या महिन्याचा, अजून माझ्या जिभेवरच.

आत चौदा वॉकर, नऊ व्हीलचेअर (दोन लंगड्या),
हवेच्या गाद्या वळकटी करून,
कमोडच्या खुर्च्या एकात एक घातलेल्या,
लग्नाच्या हॉलवर ठेवतात तशा.

पावणेदहापासून फोन.
हो, आहे. नाही, भाडं नाही. अनामत दोन हजार.
डॉक्टरची चिठ्ठी, आधारची झेरॉक्स.
कन्नमवार नगर, बसस्टॉपच्या मागे, तळमजला.
लिफ्ट आहे तुमच्याकडे? नाही? मग दोन माणसं आणा.
हे मी झोपेतही बोलते म्हणे.

तेंडोलकर सर येऊन बसले, विश्वस्त, वय एक्क्याऐंशी.
धर्मादाय आयुक्तांकडचा कागद कुठवर आला?
सर, वकील तारीख घेतोय.
आणि किरकोळ खर्चाचा हिशेब?
सव्वीस रुपये जास्त येतायत, सर.
कमी आले तर मी घालते गुपचूप.
जास्तीचं काय करायचं
हे कुणी शिकवलेलं नाही.

मग कंपनीची मुलं. एकाच निळ्या रंगाचे टीशर्ट.
गुणी होती, चहाचे कप स्वतः विसळले.
एकीने विचारलं, मॅडम, यातले बरे किती झाले?
मी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं.
दोन रकाने: नेलं. आणलं.
मधल्या दिवसांना आम्ही जागाच आखलेली नाही.
तिने फॉर्मवर काय भरलं, पाहिलं नाही मी.

डबा तीनदा उघडला, तीनदा मिटला.
एकाला व्हीलचेअर हवी होती तीन तासांसाठी,
नातीच्या साखरपुड्यात फोटोपुरती.
दिली. नियमात बसत नाही.
डिमेलोबाई नवऱ्याचा पलंग देऊन टाकते म्हणाल्या,
टेम्पो ठरला, पैसे ठरले,
आणि पुन्हा फोन: आज नको हं, पुढच्या आठवड्यात बघू.
हा त्यांचा चौथा पुढचा आठवडा.

साडेचारला एक मुलगा वॉकर घेऊन आला.
एकोणीसचा असेल. डेटॉलचा वास.
पावती हरवली म्हणाला, नाव सांगितलं: शेवंता रामा ढवण.
आठ महिन्यांपूर्वीचं पान काढलं.
बाई स्वतः आली होती, आठवलं मला,
सही करून वॉकर टेकत टेकतच गेली होती,
रिक्षाला कशाला पैसे, म्हणत.
तो वाकून सही बघत राहिला.
मग विचारलं, फोटो काढू?
हलला हात. दुसऱ्यांदा काढला.
शेजारच्या रकान्यात स्वतःची सही केली,
अनामतीचे पाचशे दोनदा मोजले,
वरच्या खिशात घातले, बटण लावलं.
बरं वाटलं मला, मोजले म्हणून.

गमरे पुसायला बसला, हाक मारली: मॅडम, हे बघा.
डाव्या मुठीखाली टिकली. मरून, बारीक.
आंघोळीआधी काढून चिकटवत असणार रोज.
नखाने निघाली. गोंदाचं वर्तुळ नाही निघालं,
रॉकेल लावून पाहिलं तरी.

सातला तोच वॉकर गेला
सूर्यानगरच्या एका आजोबांबरोबर.
बाकीच्यांचे स्क्रू ढिले होते.
मुठीवरून बोट फिरवत ते म्हणाले,
इथं काहीतरी चिकट आहे.
हो, म्हटलं. जाईल वापरून वापरून.
इथं सही करा.

शटर ओढताना पुन्हा अडलं.
सव्वीस रुपये अजून जास्तच आहेत.