शिल्लक

उद्यमनगरात, गल्लीच्या टोकाला, मगदूम पावडर कोटिंग.
बावीस वर्षं मी तिथं वही लिहितो.
(कोल्हापूरची बाई 'लिहितो'च म्हणते, चालवून घ्या.)

काचेपलीकडे हैदर शिकलगार.
त्यानं बंदुकीचा घोडा दाबला की
पावडरच्या कणाकणावर चढतं चिमूटभर ऋण.
माझ्या वहीतलं नव्हे. हे फेडायचं नसतं,
घेऊन पळायचं असतं.

ऋणाला ऋण सोसत नाही.
कण कणाला म्हणतो, सरक तिकडं,
म्हणून तर ढग होतो, ढेकूळ होत नाही,
आणि एकमेकांना नको झालेले सगळे
निघतात एकाच गेटकडे.
गेट हुकाला, हुक सळईला, सळई तारेनं जमिनीला.

जानेवारीत बंदुकीच्या कंपनीचा माणूस आला.
म्हणाला, लोखंडात धन आणि ऋण दोन्ही असतात,
मोजता येणार नाहीत इतके,
बाहेरच्याला कळते ती फक्त वजाबाकी.
मी पेन खाली ठेवलं.
हे मला कुणी नव्यानं सांगावं?

अंतर दुप्पट केलं की जोर चौथ्या हिश्श्यावर येतो,
असंही म्हणाला.
तेव्हा आमचे दोघे मालक आठवले,
सारखेच तापट, सारखेच खरे.
एक पुढं बसायचा, एक मागं भट्टीशी,
मधे माझं टेबल.
जिनगोंडाअण्णांनी शिरोलीला दुसरं युनिट टाकलं
तेव्हापासून दिवाळीचा फराळ जातो-येतो.

मग ज्याची शिल्लकच शून्य, त्याला कोण ओढणार?
मी विचारलं. उगाच. वहीपुरतं.
त्यानं माझी प्लॅस्टिकची पट्टी घेतली,
स्वतःच्या लोकरी स्वेटरवर खसाखसा घासली
आणि पंचिंग मशीनखाली सांडलेल्या
कागदाच्या टिकल्यांवर धरली.

उठल्या.
शून्याच्या होत्या, तरी उठल्या.
आतल्या आत धन जरासं पट्टीकडं कललं,
ऋण जरासं पाठीमागं,
जवळचं जवळ म्हणून थोडं जास्त ओढलं गेलं,
एवढंच, म्हणाला.
दोन टिकल्या पट्टीला चिकटल्या,
तिचंच थोडं घेतलं अंगावर,
आणि ताडकन उडाल्या लांब.
एक माझ्या चहात.

तो गेला. पट्टीवर त्याच्या स्वेटरचा
एक निळा धागा राहिला, मी काढला नाही.

संध्याकाळी हैदर गेटच्या आतल्या कोपऱ्यापाशी वाकून.
सगळीकडं रंग बसलाय, तिथंच लोखंड उघडं.
"कडा लई वढत्यात, म्याडम. समदी पावडर तितंच संपती.
आत न्यायची तर जोर कमी करायला लागतोय."

त्यानं बटण खाली फिरवलं.
मी वही मिटून बघत राहिलो.
हळू, अगदी हळू
कोपरा हिरवा व्हायला लागला.